हँडब्रेकचा इतिहास आणि चोविसावी बाटली

"एका पानाचं काम आहे," असं मला सांगण्यात आलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पाण्याच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. एका पानाच्या अहवालामागे किती बाटल्या आणि किती दुपारी जातात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण सांगणारा माझा नवरा होता. तो चष्म्यांचं दुकान चालवतो, आणि त्याला लांबचं नेहमी स्वच्छ दिसतं, जवळचं दिसत नाही.

काम असं होतं. शहराच्या ग्रंथालयात 'आपल्या शहराचे आवाज' नावाची एक खोली उघडणार होती. तिच्या एका भिंतीवर 'हँडब्रेक' या बँडचा इतिहास लावायचा होता. हँडब्रेक हा आमच्या भागातला एकमेव रॉक बँड. निदान कॅसेट निघालेला एकमेव. तिघे तरुण आणि एक तरुणी मोटारींच्या एका गॅरेजात, उघड्या बॉनेटांच्या मधे उभे राहून तीन वर्षं वाजवत होते. त्यांच्या एका गाण्याच्या सुरुवातीचे तेवीस सेकंद स्थानिक रेडिओने संध्याकाळच्या बातम्यांआधी अकरा वर्षं रोज वाजवले. गाणं कोणालाच आठवत नाही. ते तेवीस सेकंद मात्र आमच्याकडचा कुठलाही पन्नाशीचा माणूस झोपेतून उठवला तरी टेबलावर वाजवून दाखवेल. त्या तेवीस सेकंदांत फक्त ड्रम आहेत, आणि हँडब्रेकचा ड्रमर म्हणजे माझा नवरा.

त्याच्या दुकानात, फ्रेमांच्या काचेच्या कपाटात, ड्रमच्या दोन स्टिक ठेवलेल्या आहेत. खाली चिठ्ठी: 'याच त्या.' डोळे तपासायला आलेलं गिऱ्हाईक यंत्रावर हनुवटी टेकवतं, कपाळ पट्टीला लावतं, आणि मग त्याला हलता येत नाही. तेव्हा नवरा त्याला कॅसेटची गोष्ट सांगतो. काही लोकांचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलायचा थांबला, त्याचं कारण मला वाटतं हेच असावं.

"आमची ही लिहील," असं त्याने ग्रंथालयाला परस्पर सांगून टाकलं.

"अहो, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणाले.

"म्हणूनच. तू निःपक्षपाती आहेस."

ग्रंथालयातल्या बाईंनी एक छापील फॉर्म दिला. सदस्य, वाद्य, कालावधी. मजकूर दोनशे शब्द. बँडशी संबंधित एक अस्सल वस्तू. आणि सगळ्यात खाली: 'वरील प्रत्येक विधान मी स्वतः तपासले असून ते सत्य आहे,' आणि सही.

त्या ओळीपाशी मी थांबले. नवरा म्हणाला, "ते सगळ्याच फॉर्मवर असतं." सगळ्याच फॉर्मवर असतं, आणि म्हणूनच मी आजवर एकही तपासल्याशिवाय सही केलेला नाही. माझ्या सेवापुस्तकात सत्तावीस वर्षांत एकच प्रतिकूल शेरा आहे, तोही पहिल्या आठवड्यातला, आणि त्याबद्दल मला इथे बोलायचं नाही.

मी एक साधा नियम ठरवला. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर ती धरायची. एकाच नमुन्यावर अहवाल देत नाहीत.

पहिला साक्षीदार गायक. तो आता विमा एजंट आहे आणि उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणतात. तो घरी आला, बसला, आणि मी वही उघडायच्या आत त्याने आपली उघडली.

"लिहा वहिनी. बँडची स्थापना माझ्या डोक्यात झाली."

"कोणत्या तारखेला?"

"ते असं तारखेत नाही सांगता येणार."

तासाभरात मला बँडविषयी दोन वाक्यं मिळाली आणि आमच्या दोघांच्या वयानुसार तीन योजना. जाताना तो म्हणाला, "वहिनी, माणसाचं काय सांगावं!" हे तो बँडबद्दल बोलत नव्हता.

दुसरा साक्षीदार बेस गिटारवाला, जो आता दातांचा डॉक्टर आहे. त्याला वेळ फक्त दवाखान्यातच, म्हणून मी नाव नोंदवून गेले. त्याने मला खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे केली, तोंड उघडायला सांगितलं, आणि मग हँडब्रेकचा पूर्ण इतिहास सांगितला. मला विचारायचे होते सतरा प्रश्न. त्यातला एकही मला उच्चारता आला नाही. बाहेर आले तेव्हा माझ्याकडे एक बुजवलेली दाढ होती आणि बँड त्याच्या बेसमुळेच टिकला होता ही माहिती.

तिसरी साक्षीदार दुसरी गिटारवाली. ती मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. तिच्या खोलीबाहेर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. तिने दार लावून घेतलं.

"नाव घाल, पण गिटार लिहू नकोस. 'संगीतविषयक मार्गदर्शन' लिही."

"तू गिटार वाजवत होतीस ना पण?"

"वाजवत होते. दातांनीसुद्धा वाजवली आहे एकदा. पण मी काल दोन मुलींना बाकावर ताल धरला म्हणून उभं केलंय. मला तोंड दाखवायचंय तिथे."

तिघांच्या जबान्या मी तक्त्यात मांडल्या. स्थापनेच्या सालात चार वर्षांचा फरक. गाण्यांची संख्या सात, अकरा आणि 'अगणित'. एकाच गोष्टीवर तिघांचं एकमत होतं: कॅसेट ज्या दिवशी झाली त्या दिवशी गॅरेजात घोटाभर पाणी होतं. विजेची वायर लांब्याने गळ्याभोवती गुंडाळून घेतली होती. (तो आज विमा विकतो याचा उगम इथे असावा, असं मी समासात लिहून खोडलं.) पण दिवस कोणता? लांब्या म्हणाला रविवार. डॉक्टर म्हणाला थंडी होती. उपमुख्याध्यापिका म्हणाली परीक्षा चालू होत्या, कारण तिच्या नेहमीच चालू असतात.

आता सल्ल्यांना सुरुवात झाली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, त्यात थोडं प्रेमप्रकरण टाका, लोक थांबून वाचतात. नवरा म्हणाला, तारीख कशाला हवी, 'एके दिवशी' लिही. आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे चौऱ्याऐंशी वर्षांचे काका जिन्यात मला अडवून म्हणाले, "पोरी, त्या टोळक्याचा इतिहास लिहितेयस म्हणे. माझ्याकडे नाही आलीस?"

काका तेव्हा गॅरेजच्या पाठीमागे राहत. गॅरेजची भिंत आणि त्यांच्या उशाची भिंत एकच होती. त्यांनी हँडब्रेकविरुद्ध अकरा लेखी तक्रारी केल्या होत्या आणि प्रत्येकीची पोच घेतलेली प्रत त्यांच्याकडे होती, फायलीत, क्रमाने. मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. तीन वर्षांत बँडने कधी, किती वाजता, किती मिनिटं आणि किती वाईट वाजवलं, हे जगात फक्त एका माणसाने लिहून ठेवलं होतं, आणि तो त्यांचा शत्रू होता.

"माझं नाव येणार ना भिंतीवर?" काकांनी विचारलं.

"कोणत्या रकान्यात?"

"पीडित."

अकरावी तक्रार मी तीनदा वाचली. 'आज दिनांक सतरा, मंगळवार. मुख्य जलवाहिनी फुटल्याने रस्त्यावर व गॅरेजात पाणी असूनही दुपारी पावणेतीन ते सव्वापाच सदर टोळक्याने ध्वनिमुद्रण चालू ठेवले. आज ठोकठोक नेहमीपेक्षा अधिक.'

मी काकांच्या खुर्चीत बसून राहिले. काकांनी पाणी आणून दिलं. ते मी तपासल्यासारखं बघत राहिले.

मुख्य जलवाहिनी फुटली तो मंगळवार मला पाठ आहे. नोकरीचा माझा पहिला आठवडा होता. मला चोवीस बाटल्या देऊन त्या रस्त्यांवरच्या नळांचे नमुने आणायला धाडलं होतं. गुडघाभर पाण्यात, हातात बाटल्यांची जाळी, आणि लेबल लिहायला तिसरा हात नाही. तेव्हा खांद्याला पिशवी लावलेला एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, "द्या, मी धरतो." त्याच्या पिशवीतून लाकडाच्या दोन काड्या डोकावत होत्या. मी त्याला पहिलं वाक्य बोलले ते असं: "त्यांनी पाणी ढवळू नका." तो सकाळी अकरा दहापासून संध्याकाळी पाच चाळीसपर्यंत माझ्याबरोबर होता. माझी त्या दिवसाची वही प्रयोगशाळेत आहे. वेळा माझ्या अक्षरात आहेत, बाटल्यांवरची लेबलं त्याच्या. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं.

म्हणजे सत्तावीस वर्षं मला दोन गोष्टी ठाऊक होत्या. तो मंगळवारी माझ्याबरोबर होता, आणि तो कॅसेटवर वाजवतो. फक्त त्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या आणि मी त्या कधी एका तक्त्यात मांडल्या नव्हत्या. हे मी माझ्या हाताखालच्या मुलींना करू देत नाही.

घाईने निष्कर्ष काढू नये, म्हणून मी आधी इतर शक्यता तपासल्या. तिघांना फोन करून म्हटलं, "समजा, एखादा सदस्य ध्वनिमुद्रणाला हजरच नव्हता, तर?"

लांब्या म्हणाला, "तिसऱ्या गाण्यात मी ओठ हलवत होतो फक्त. कोणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टर म्हणाला, अशा वेळी वरून कॅप बसवून टाकावी, आत काय आहे कोण बघतं. उपमुख्याध्यापिकेने उलट विचारलं, "माझं नाव वगळता येईल का त्यामुळे?"

"त्या दिवशी ड्रमकडे कोणी पाहिलं होतं का?" मी विचारलं.

"ड्रमरकडे कोण बघतं?" तिघेही म्हणाले. स्वतंत्रपणे. नियमाप्रमाणे हे विधान धरायला हवं होतं.

उरला होता गॅरेजवाला. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. तो एका मोटारीच्या खाली होता आणि अर्धी मुलाखत मी त्याच्या पायांशी केली.

"उस्ताद, पाणी शिरलं होतं त्या दिवशी ड्रम कोण वाजवत होतं?"

"ड्रम टेबलावर होते. वर ताडपत्री. मीच उचलून ठेवले, पाणी होतं ना ताई."

"मग कॅसेटवर वाजतंय ते काय?"

"काय वाजतंय?"

मी टेप सोबत नेला होता. लावला. तेवीस सेकंद. उस्ताद मोटारीखालून सरकत बाहेर आला आणि मान तिरकी करून, डॉक्टर छाती तपासतात तसा ऐकू लागला.

"हा दरवाजा आहे," तो म्हणाला. मग कान आणखी जवळ नेऊन, "मागचा."

त्याने कामाची जुनी वही काढली. 'सतरा. पांढरी व्हॅन. डावा मागचा दरवाजा. पोचा.' गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, त्यामुळे पाणी असो की गाणं, पोचा काढणं भाग होतं. उस्ताद कोपऱ्यात हातोडा चालवत होता. पुढे तिघं जण मागे न बघता त्यावर गात होते.

"इथं आतून मारतोय," उस्ताद टेपबरोबर सांगू लागला. "आता बाहेरून. हां, इथं थांबलो."

त्या थांबण्याला रेडिओवरच्या एका जाणकाराने 'धाडसी विराम' म्हटलं होतं. नवऱ्याने ते कात्रण फ्रेम करून लावलं आहे.

"का थांबलात?"

"हातोडा बदलला. रबरी घेतला."

"पण इतकं तालात कसं, उस्ताद?"

"पोचा काढताना एकसारखंच मारावं लागतं, नाहीतर पत्रा रुसतो. मी त्यांच्या तालात नव्हतो ताई, ते माझ्या तालात होते."

"अकरा वर्षं रेडिओवर लागत होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मी बातम्या नाही ऐकत."

मी सरळ दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. नवरा भिंग पुसत होता. मी म्हटलं, "इकडे बसा. हनुवटी टेकवा. कपाळ लावा."

"अगं, मला काय झालंय?"

"लावा."

तो बसला. मी यंत्राच्या पलीकडे, त्याच्या जागेवर. भिंगातून त्याचा डोळा बशीएवढा दिसत होता.

"जलवाहिनी फुटली त्या मंगळवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच तुम्ही कुठे होता?"

बाहुली मोठी होताना मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

"तुझ्याबरोबर," तो म्हणाला. त्याने हनुवटी काढली नाही. "दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागायलाच गेलो होतो गं. लांब्याने दारातच मिठी मारली. म्हणाला, काल तू पेटला होतास. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी. आता मी काय बोलणार? आणि आठवड्याभराने रेडिओवर लागलं."

"आणि मला? मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू लिहून ठेवलं असतंस."

आणि मी लिहून ठेवलं असतंच.

पुढचे चार दिवस घरात फॉर्म टेबलावर होता आणि आम्ही त्याच्या दोन बाजूंना जेवत होतो. उद्घाटनाला नवरा बोलणार होता. 'त्या तेवीस सेकंदांचे वादक' असं पत्रिकेत छापूनही झालं होतं. तो म्हणत नव्हता की सही कर. उलट भांडी घासत होता, जे त्याहून वाईट. सही केली तर सत्तावीस वर्षांतला माझा पहिला खोटा अहवाल. खरं लिहिलं तर कपाटातल्या त्या दोन काड्या म्हणजे नुसत्या काड्या, आणि डोळे तपासताना बोलायला त्याच्याकडे काही उरणार नाही. एका रात्री मी तीनदा पाणी प्यायला उठले, आणि तिन्ही वेळा फॉर्म तिथेच होता.

पाचव्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "मला नाही जमणार हो."

"माहितेय," तो म्हणाला. "लिही खरं ते. मीच सांगतो सगळ्यांना." मग तो स्टुलावर चढला, माळ्यावरून मोठा ड्रम खाली घेतला, त्यात कोंबलेली जुनी चादर ओढून काढली, आणि चादरीतून एक बाटली. "पण मग हेही लिही."

काचेची नमुना बाटली. लेबलावर त्याच्या अक्षरात: २४.

आता त्या शेऱ्याबद्दल बोलणं भाग आहे. 'चोवीसपैकी तेवीस बाटल्या जमा. एक गहाळ. निष्काळजीपणा.' पहिल्याच आठवड्यात, लाल शाईत. त्यानंतर बढतीच्या प्रत्येक मुलाखतीत समोरचा माणूस पान उलटायचा, त्या ओळीवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "हे काय?"

"परत करायला यायचं निमित्त हवं होतं," नवरा म्हणाला. "म्हणून एक ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी आलोही. तर साहेब दारातच तुझ्यावर त्या बाटलीवरून ओरडत होते. माझी हिंमतच झाली नाही. मग चहाला विचारलं."

"त्या चहाला मी रडले होते."

"हो."

"तुम्ही म्हणालात, मिळेल हो बाटली."

"हो."

"तेव्हा बाटली कुठे होती?"

"पिशवीत."

मी बाटली उजेडात धरली. पाणी निम्मंच उरलं होतं; बूच त्याने कधीच नीट बसवलं नव्हतं. सत्तावीस वर्षांत बारा नमुना-वाहक आले नि गेले असतील, पण असा निष्काळजी मी पाहिलेला नाही, असं मी त्याला म्हणाले. आवाज चढला होता. खालून काकांनी छताला काठी ठोकली. बारावी तक्रार.

त्या दुपारी मी इतिहास लिहिला. चौदाशे शब्द, नऊ टिपा. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, भिंत एवढीच आहे." कापून कापून उरलं ते असं: ड्रम, तीन वर्षं: नवरा, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी अनुपस्थित. पत्रा, एक दिवस: उस्ताद. तक्रारी, अकरा: काका. उपमुख्याध्यापिका गिटारच्या रकान्यात गेली, आणि लांब्याचे तिसऱ्या गाण्यातले ओठ मी एकच साक्षीदार असल्याने सोडून दिले. खाली मी सही केली, आणि ती माझ्या इतर सह्यांसारखीच आली.

उद्घाटनाला नवऱ्याने उभं राहून सगळं सांगितलं. लांब्या आधी पांढरा पडला, मग इतका हसला की त्याला धरावं लागलं. लोकांनी उस्तादला वाजवायचा आग्रह केला, एक पत्र्याचं कपाटही पुढे ढकललं. उस्तादने त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "पोचा कुठाय? पोचाच नाही तर मारू कशाला?" आणि खाली बसला. काका आपलं नाव असलेल्या रकान्यासमोर तासभर उभे होते. 'अस्सल वस्तू' म्हणून काचेखाली दोन काड्या ठेवल्या आहेत. नवऱ्याने चिठ्ठी स्वतःच बदलली: 'या नव्हेत.' आता तो गिऱ्हाइकांना ही नवी गोष्ट सांगतो. ती जुनीपेक्षा लांब आहे.

बाटली मात्र मी ग्रंथालयाला दिली नाही. ती सरकारी मालमत्ता आहे. मी ती रीतसर अर्जासह प्रयोगशाळेत जमा केली आणि शेरा काढून टाकण्याची विनंती केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की शेरा काढता येत नाही, त्याखाली भर घालता येते: 'बाटली प्राप्त. नमुना तपासणीस अयोग्य.' मात्र त्यासाठी बाटली मधल्या काळात कुठे होती, याचं निवेदन आणि ते सत्य असल्याबद्दल एका साक्षीदाराची सही लागेल.

निवेदनात मी लिहिलं: ड्रममध्ये. साक्षीदार म्हणून नवऱ्याने सही केली. त्या फॉर्मवर 'कर्मचाऱ्याशी संबंध' असा एक रकाना होता. मी पुढे 'पती' लिहायला सांगणार, तोच त्याने सत्तावीस वर्षांपूर्वीच्या लेबलांवर होतं तशाच अक्षरात भरून टाकलं: 'बाटल्या धरणारा.'

विधान मी तपासलं. खरं होतं. तसंच राहू दिलं.